विहिरीला 'येते' म्हणायचं नसतं

आधीच सांगते, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि भुताखेताचं बोलणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करते. म्हणजे, करायचे. हे वाचून तुम्ही माझी केलीत तरी चालेल... पण शेवटपर्यंत वाचा.

नगर जिल्ह्यातल्या सोनईपासून थोडं आत आमची वस्ती आहे. माझं माहेर नाशिक शहरातलं, त्यामुळे विहिरीशी संबंध आला तो लग्नानंतरच. आमच्या सहा वर्षांच्या ओवीला मासे हवे होते, म्हणून माझ्या नवऱ्याने, संदीपने, घरामागे सिमेंटचा छोटा हौद बांधला. बोअरचं पाणी फार क्षारांचं, म्हणून विहिरीवरची मोटर लावून हौद भरला. ओवी बाबाचा हात धरून विहिरीत डोकावली आणि निघताना हात हलवून म्हणाली, "येते हं!"

संदीपचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, विहिरीला येते म्हनायचं नसतं! जाते म्हन, जाते!"

आता 'जाते' म्हणणं आपल्यात अशुभ. दारातून निघताना 'येते' म्हणायला मीच पोरीला शिकवलेलं. पण संदीप ऐकेना. "मानसाला येते म्हनायचं, पान्याला न्हाई. पानी वाट बघत बसतं."

"मग मोबाईल नंबरही देऊन ये तिला," मी म्हटलं आणि खूप हसले.

मासे सोडले, तर सगळे विहिरीच्या बाजूच्या भिंतीला तोंड लावून उभे! खाणं दुसरीकडे टाकलं तरी एक हलेना. विहिरीच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो हे मला ठाऊक होतं. पलीकडच्या कोपऱ्यात एअर पंप लावला. मासे तिथेच.

मग ओवी दुपारची नाहीशी व्हायला लागली. दर वेळी सापडायची ती विहिरीच्या कठड्यावर, पाय आत सोडून. रागावले, एकदा फटकाही दिला. "मी येते म्हणाले होते ना, आई," एवढंच ती म्हणायची. शेवटी आम्ही विहिरीवर लोखंडी जाळी बसवली.

त्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, मी ओसरीवर ओवीला मांडीत घेऊन वेणी घालत होते. विहिरीकडून आवाज आला — "आई!" ओवीचाच. "आई गं, मला वर काढ ना..."

ओवी माझ्या मांडीवर, तिचे केस माझ्या मुठीत, तिचं तोंड मिटलेलं. आणि तरी मी उठले हो! तो आवाज ऐकून बसवेचना. ओवीने माझी ओढणी घट्ट धरली. म्हणाली, "आई, जाऊ नको. ती मी नाहीये."

संदीप आतून धावत सुटला, त्यालाही वाटलं पोर पडली. आम्हा दोघींना पाहून तो थबकला. मग मासे टबात काढले आणि हौदाचं पाणी बादलीबादलीने जाळीतून परत विहिरीत ओतलं. दर बादलीला म्हणत होता, "ती येनार न्हाई. आमी जातो." खालून रडणं चालूच... बारीक बारीक होत शेवटच्या बादलीला थांबलं.

आता आम्ही नगरला भाड्याने राहतो. ओवी खेळते, भांडते, अगदी ठणठणीत आहे. भास म्हणाल, तर तिघांना एकच कसा झाला? ओवी कुशीत झोपली की मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहते, चाचपून बघते, माझीच आहे ती... आणि तरी वाटतं, लेकराला खाली रडत सोडून आलो.