तहानवाडीचा राक्षस आणि अमेरिकेच्या अटी

छापखान्यात दोन गोष्टी आपोआप साठतात, रद्दी आणि किस्से. रद्दी निदान किलोवर जाते. किस्से कुणी विकत घेत नाही, म्हणून मी ते फुकटात गळ्यात मारते.

हा माझ्याच येडेपणाचा. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या अटी मी न वाचता मान्य केल्या. स्क्रीनवर "मान्य आहे" असं बटण आलं, मी दाबलं. आता मी पडले सहकारात वाढलेली बाई. आमच्याकडं वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आत मागून "मंजूर, मंजूर" सुरू होतं, आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. एकदा तर अध्यक्ष नुसते खोकलेवते, तरी मी मंजूर म्हणून मोकळी!

तर ते बटण का दाबलं, ते सांगते. बीडकडच्या दिंद्रुडला आमची बायकांची छपाईची सहकारी संस्था. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, असली कामं. त्या साली पाऊस नाही, ऊस नाही, आणि ऊस नाही म्हणून लग्नं पुढं ढकललेली. मशीनवर जनावरांच्या छावणीचे पास सोडले तर काही नव्हतं. नवं काम मिळालं नाही तर पुढच्या सभेत संस्था गुंडाळायचा विषय येणार, हे आम्हा सगळ्याजणींना ठाऊक होतं.

अशात माझी भाची प्रज्ञा एक खेळ घेऊन आली. ती पुण्याच्या कंपनीचं काम गावात बसून करते. खेळ असा, की चार-पाच जणांनी गोल करून बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. संकट आलं की फासा टाकायचा. नियम अमेरिकेच्या कंपनीचे, पण त्यांनी जगाला मुभा दिलेली. आमचे नियम घ्या, त्यावर तुमच्या गोष्टींची पुस्तकं काढा आणि विका, फक्त आमच्या अटी पाळा. लोक असली पुस्तकं जगभर काढत होते.

"मावशी, आपण काढू. मराठीत छापू, इंग्रजीत ऑनलाइन विकू," प्रज्ञा म्हणाली.

आणि मी बटण दाबलं.

*

पण चेअरमनला पटवल्याशिवाय आमच्याकडं शाईचा डबासुद्धा उघडत नाही. आमच्या चेअरमन गयाआक्का. आधी गावची दूध डेअरी चालवायच्या, अजूनही समोरच्या माणसाकडं फॅट बघितल्यासारखं बघतात. प्रज्ञानं ठरवलं, खेळूनच दाखवायचं.

तिनं गोष्ट सुरू केली. तहानवाडी नावाचं गाव, गावात एकच विहीर, आणि विहिरीवर एक राक्षस येऊन बसलेला. कुणाला पाणी घेऊ देत नाही. मी तलवार काढली. आमचे मशीनमन रियाझभाई जादूगार झालेवते, त्यांनी मंत्र काढला. दोघांचेही फासे उलटे पडले, आणि दोघंही मेलो.

राहिल्या गयाआक्का. प्रज्ञानं विचारलं, "आक्का, तुम्ही काय करणार?"

"सोसायटी काढायची. पाणीवाटप सोसायटी. राक्षसाला चेअरमन करायचं."

"अहो, त्यानं आत्ताच दोन माणसं खाल्ली."

"मग अनुभव हाय की. एकदा का चेअरमन झाला की विहिरीवर कशाला बसंल? जीपमधी फिरंल."

प्रज्ञानं नियमाचं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. असं करू नये, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. राक्षस बिनविरोध निवडून आला आणि आमचं पुस्तक मंजूर झालं.

*

पुस्तक लिहिताना कळलं, की कंपनीचे नियम घेता येतात, पण काही राक्षस घेता येत नाहीत. ते त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेले. मला नेमका त्यातलाच एक आवडलेला, अंगभर डोळेवाला. प्रज्ञा म्हणाली, तो काढ, नाहीतर नोटीस येईल.

मी रुसले. मग रागारागात दुसरा लिहिला. धड एक, तोंडं सात, प्रत्येक तोंडाचं म्हणणं वेगळं, आणि निर्णय कधीच नाही. त्याच्या तावडीत सापडलेला माणूस चहा पीत पीत म्हातारा होतो.

प्रूफ बघून रियाझभाई गंभीर झाले. "ताई, नोटीस ह्याच्यावर येईल. आधीचा तरी परदेशी होता."

याच रियाझभाईंनी पुढं छपाई चालू असताना मशीन बंद केलं. मी धावत गेले. त्या मशीनवर आमचा सगळ्यांचा जीव टांगलेला. विचारलं, काय मोडलं? तर म्हणे, काही नाही, राक्षस विहिरीतून वर आलाय, पुढं काय होतं ते वाचल्याशिवाय हात चालेना. मी त्यांना पुढची पानं वाचायला दिली, तेव्हा मशीन सुरू झालं.

*

इंग्रजी पुस्तक ऑनलाइन चांगलं चाललं. मशीनला काम आलं, बायांचे चेहरे उजळले. परदेशातली माणसं तहानवाडीत राहायला आल्यासारखी वागायची. एकानं ईमेल केला, की तुमच्या पुस्तकात सारखा "टँकर" येतो, सगळं गाव त्याची वाट बघतं आणि तो आला की पळापळ होते. पण त्याची ताकद किती, त्याला मारायचं कसं, हे कुठंच दिलेलं नाही.

मी आक्कांना वाचून दाखवलं.

"मारायचा न्हाई म्हणावं. आणि कवा येतो ते कुणालाच म्हाईत न्हाई, तेवढं लिव."

लिहिलं. त्या माणसाचं उत्तर आलं, की त्याच्या मित्रमंडळींना इतकं भ्या कुठल्याच राक्षसाचं वाटलं नव्हतं.

*

दुसरं पुस्तक मशीनवर चढलं, आणि प्रज्ञा पांढरीफट पडून दारात उभी. कंपनी अटी बदलणार, अशी बातमी फुटलीवती. जुनी परवानगी रद्द. नवीन अटींत काय, तर आमच्याकडं नाव नोंदवा, कमाईचा हिशेब आम्हाला कळवा, तुम्ही लिहिलेलं आम्ही पाहिजे तसं वापरणार, आणि या अटीसुद्धा आम्हाला वाटेल तेव्हा बदलणार.

म्हणजे तहानवाडी आमची, पण सातबारा त्यांचा.

जगभर आमच्यासारख्या छोट्या प्रकाशकांचं धाबं दणाणलं. आमच्याकडं मात्र वेगळंच झालं. गयाआक्कांचं म्हणणं, आपण त्यांच्या अटी मान्य केल्या म्हणजे आपण सभासद झालो, आणि सभासदांना विचारल्याशिवाय पोटनियम बदलतातच कसे? सभेची नोटीस कावून दिली न्हाई? मी समजावलं, की आक्का, ती खाजगी कंपनी आहे, आपण कुणीच नाही त्यांचे. त्यांनी माझ्याकडं डेअरीतल्या पातळ दुधाकडं बघावं तसं बघितलं.

मग आम्ही रीतसर हरकत लिहिली. विशेष सर्वसाधारण सभा तातडीनं बोलवावी, न बोलवल्यास संस्था आपल्या मार्गानं जाईल. खाली सगळ्याजणींच्या सह्या, संस्थेचा गोल शिक्का. प्रज्ञानं डोक्याला हात लावला, पण इंग्रजी करून पाठवलं.

पाठवल्या पाठवल्या उत्तर! "आपले मत आमच्यासाठी महत्त्वाचे आहे." ते कॉम्प्युटरचं ठोकळेबाज उत्तर होतं, सगळ्यांना जातं तेच. पण आक्कांनी ते बैठकीत उभं राहून वाचलं आणि वर म्हणाल्या, "कंपनीनं दखल घेतली." बायांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मीपण वाजवल्या.

*

टाळ्यांनी मशीन चालत नाही. दुसऱ्या पुस्तकाचे छापलेले मोठे कागद, आमच्या भाषेत फर्मे, घडी न घालता पडून होते. विकावं तर कंपनीची भीती, न विकावं तर संस्था बंद. बीडच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, खेळ कसा खेळायचा यावर सहसा कुणाची मालकी नसते, त्यांनी लिहिलेल्या शब्दांवर असते. तुम्ही तुमचे नियम तुमच्या शब्दांत लिहा आणि त्यांच्या अटी त्यांनाच ठेवा.

प्रज्ञा म्हणाली, एवढा मोठा खेळ नव्यानं लिहायचा? मलाही तेच वाटत होतं. नवीन अटी मान्य करून टाकू असं मनात आलं, बोट तर सवयीचंच होतं.

गयाआक्का म्हणाल्या, "ऊस कुणाचा? आपला. साखर कारखान्यानं मधीच अटी बदलल्या तवा आपुन काय केलं? गाड्या दुसरीकडं वळवल्या. राक्षस आपला, विहीर आपली. मग रडायलीस कावून?"

सभेत विषय मांडला. या वेळी मी पूर्ण वाचून झाल्यावर मंजूर म्हणाले. सगळ्याजणी माझ्याकडं बघायला लागल्या, तब्येत बरी आहे का म्हणून.

*

नवे नियम करायला सगळी गल्ली लागली. ऊस नसल्यानं तोडणीला न गेलेल्या बाया घरीच होत्या, त्या दुपारी छापखान्यात येऊन खेळायच्या आणि चुका काढायच्या. फाशांऐवजी आम्ही फोडलेले चिंचोके घेतले. पांढरी बाजू वर आली की फत्ते, काळी आली की बोंबला.

सगळ्यात जास्त भांडण मरण्यावरून झालं. कंपनीच्या खेळात माणूस मेला की मेला, मग खेळणाऱ्यानं बसून राहायचं. उमापूरहून माहेरी आलेली वंदना तिसऱ्यांदा मेली आणि उठायलाच तयार होईना. म्हणाली, सभासद वारला तर आपण काय करतो? वारस लावतो. माझी लेक लावा.

लावली. खेळातल्या त्या लेकीला आईचं शेतही मिळालं आणि आईचं राक्षसाशी असलेलं वैरही. तोच आमच्या खेळाचा सगळ्यात गाजलेला नियम झाला. परदेशातले लोक आता पिढ्यान्‌पिढ्या तहानवाडीत मरतात.

नव्या नियमांचं पुस्तक निघालं. जुनी गिऱ्हाइकं टिकली, वरून नवी आली. सभेत संस्था गुंडाळायचा विषय आलाच नाही. त्याऐवजी कटिंग मशीन घ्यायचा आला.

*

आणि मग एका सकाळी प्रज्ञाचा फोन. जगभरच्या खेळणाऱ्यांनी इतका गोंधळ घातला, की कंपनीनं माघार घेतली. नवीन अटी रद्द. उलट खेळाचे मूळ नियम आता सगळ्यांना कायमचे खुले, परत काढून घेता येणार नाहीत असे.

इतकी भांडणं, इतकी जागरणं, वकिलाच्या चकरा, चिंचोके फोडून काळी पडलेली बोटं, आणि आता म्हणे घ्या फुकट!

मी तशीच गयाआक्कांच्या घरी गेले. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. म्हटलं, आक्का, आपण उगाच मेलो. थोडं थांबलो असतो तर त्यांचे नियम आपल्याला असेच मिळाले असते. आता त्यांनी ते सगळ्या जगाला खुले करून टाकलेत.

आक्कांनी सूप थांबवलं नाही.

"बरं केलं. त्यांनला म्हणावं, आमचेबी खुलेच हायेत. लागले तर न्या, विचारत बसू नका."