एका लढाईचं झबलं

मी एकदा एक अख्खी लढाई रिठ्याच्या पाण्यात धुऊन टाकली. वर ती दोरीवर वाळत घालून कौतुकाने बघत बसले.

शेजारचे काका इंग्रजी फौजेत नकाशे काढत, पार इराकपर्यंत जाऊन आलेले. रत्नागिरीत परतल्यावर त्यांना एकच नाद. ज्या चकमकींना पुस्तकात ओळसुद्धा मिळाली नाही, त्यांचे नकाशे करायचे. परतलेला सैनिक गाठायचा आणि म्हणायचं, "आधी नदी कुठे होती ते सांगा."

आमच्याकडे जेवतानाही आमटीची नदी आणि भाताची टेकडी.

"काका, टेकडी निवतेय."

"थांब, कुमक येऊ दे," म्हणत ते तुपाच्या भांड्याकडे बघत.

नकाशे खळ दिलेल्या कापडावर असत. बिघडलेले तुकडे ते मला देत. धुतले की आतून तलम मलमल निघे. मी रुमाल शिवी आणि स्वतःला भारी काटकसरी समजे.

संगमेश्वरकडच्या एका बाईचा नवरा इराकच्या लढाईतून परतलाच नव्हता. सरकारी कागदावर नुसतं 'बेपत्ता'. भाऊबंद म्हणत, पळाला असेल, तिकडे दुसरं घर केलं असेल. अखेर काकांना एक सैनिक भेटला. त्याने तो माणूस कालव्याच्या बांधावर पडताना पाहिला होता. काकांनी तो बांध काढला, फुली मारली, खाली सैनिकाचा अंगठा घेतला. पुढे सैनिक वारला. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो नकाशा शेवटचाच.

त्याच सुमारास माझ्या मुलाचं बारसं होतं. काकांच्या खोलीच्या कोपऱ्यात खाडाखोडीने भरलेली गुंडाळी दिसली. बिघडलेलीच असणार, विचारायचं काय त्यात? धुतली आणि झबलं शिवलं.

बाई नकाशा न्यायला आली. आता तो भाऊबंदांपुढे पसरायचा होता. काकांनी कोपरा चाचपला, मग सगळी खोली. मी मुलाला घेऊन दारात उभी. काका जवळ आले, झबल्यावरून बोटं फिरवली. खांद्यावर नदीची फिकट निळी रेघ राहिली होती, पण ती त्यांना दिसणार नव्हती. कापड मात्र कळलं.

"माझ्या हातून पाणी सांडलं, बाई," ते म्हणाले. "नकाशा गेला."

मी मुलाच्या खांद्यावर पदर ओढला.

बाई तिथेच खाली बसली. मूल रडायला लागलं, तसं तिनेच त्याला मांडीवर घेतलं, थोपटलं. थोपटता थोपटता तिचा हात झबल्यावर थांबला.

"किती मऊ कापड हाय गो. कुठं गावलं तुला?"