गडव्यातलं औषध
नातवाच्या औषधाची बाटली उघडली, की त्या उग्र वासासरशी मला सरकारी दवाखान्याची खिडकी दिसते. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी दहा वर्षांची होते आणि आई तापानं पडून होती. पातळ औषधासाठी शिशी घरून न्यावी लागे. आधीची फुटली म्हणून घासलेटची शिशी राखेनं घासून नेली, पण कंपाउंडरनं वास घेऊन ती परत केली. बाबांनी बैलगाडीतला पाण्याचा गडवा रिकामा करून पुढं धरला. "याले डोसाच्या खुणांचा कागद कुठं चिकटवू? अंदाजानं पाजा," म्हणत त्यानं औषध ओतलं. परतताना मी गडव्यावर तळहात दाबून बसले, तरी नाल्यातल्या दगडांवर गाडी आदळली आणि निम्मं औषध माझ्या परकरावर सांडलं. बाबा बैलांना पाणी पाजत होते, तेवढ्यात मी नाल्याच्या पाण्यानं गडवा भरला. घरी पहिला घोट घेऊन आई बाबांना म्हणाली, "मागच्यावानी कडू नाही लागून राह्यलं. तोंडाले चव आली, ताप उतरून राह्यला वाटते." बाबा कितीतरी दिवसांनी हसले. मी परकरावरचा डाग मुठीत लपवला. त्याच आठवड्यात आई गेली. आता नातवाचं औषध मी आधी थेंबभर चाखते, आणि कडू लागलं तरच चमचा त्याच्या तोंडाशी नेते.