घारा डोळा

चिंतामणी सर रत्नागिरीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. म्हणजे आधी स्वतःचं कौतुक आणि उरलेल्या वेळात जीवशास्त्र. आरबी नावाचं प्रथिन हा त्यांचा हातखंडा विषय. पेशीला दुभंगायचं तर काही जनुकं जागी व्हावी लागतात; हे प्रथिन त्यांना दाबून ठेवतं आणि वेळ आली की सोडतं. ते नाहीसं झालं की पेशी वाढतच सुटतात, तान्ह्या मुलाच्या डोळ्यात गाठ धरते. "फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकते," असं सर दरवर्षी सांगत आणि परीक्षेत हमखास विचारत. ज्याला आठवलं नाही, त्याची वर्गासमोर अक्कल काढत.

याहून मोठा अभिमान त्यांना एकाच गोष्टीचा, घराण्याच्या घाऱ्या डोळ्यांचा. मुलगा अनिश घारा. सून मनस्विनी काळ्या डोळ्यांची. नात ईशा आईवर गेली, म्हणून हा विद्वान माणूस बारशालाच तोंड पाडून बसला होता.

ईशाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत उजव्या डोळ्यात काहीतरी चमकलं. मनस्विनीने मोबाइल पुढे केला.

"बाबा, हे पांढरं काय दिसतंय?"

सरांचा चेहरा खुलला. "अगो, डोळा घारा होतोय. आमचं रक्त उशिरा का होईना, दिसायचंच."

"एकच डोळा?"

"होईल दुसराही. तुमच्याकडे कुणाचे घारे नाहीत, तुला नाही कळायचं."

फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. आल्यागेल्याला दाखवला. बाहुली वेगळी आणि तिच्याभोवतीचा रंग वेगळा, हे पोरांकडून घोकून घेणाऱ्याला स्वतःच्या भिंतीवर ते दिसेना. असल्या हुशारीची कीव करावी की चीड, मला ठरवता येत नाही.

गणपतीत ईशा दाराच्या चौकटीवर आपटू लागली, नेहमी उजवीकडून. मनस्विनीने कुणाला न विचारता तिला डॉक्टरकडे नेलं. पुढे मुंबईला डोळा काढावा लागला. आधी आणली असती तर कदाचित वाचला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

कृत्रिम डोळा बसवायच्या दिवशीही सर सोबत गेले. तिथल्या माणसाने रंगांचे नमुने समोर ठेवले. सरांचं बोट घाऱ्यावर गेलं.

मनस्विनीने त्यांचा हात बाजूला केला.

"काळा द्या," ती म्हणाली. "तिचा दुसरा काळा आहे."