खिडकीजवळची मोकळी जागा

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी वर्गात गेले, तर मधूनमधून दाणे खाल्लेल्या कणसासारखा वर्ग दिसत होता. दाराजवळ दोघं, मागच्या भिंतीला टेकून एक, मध्ये ऐसपैस मोकळं, फळ्यासमोर तिघी आणि खिडकीजवळच्या बसकरपट्टीवर एकटीच एक. सहावी-सातवीचा आमचा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला होता. ते मला माहीत होतं. खर्ड्याजवळच्या या गावात बदली झाली तेव्हा जो भेटेल तो आधी तेच सांगायचा. पण उरलेल्यांनी असं विखरून का बसावं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी भिंगारची. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून, राहायला क्वार्टर, आणि क्वार्टरसमोरचे चुना लावलेले दगडसुद्धा ओळीत. विस्कटलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. पोरांना म्हटलं, पुढे या, जवळजवळ बसा. आली. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे बोलावलं, तर मध्ये मध्ये जागा सोडून बसली. जरा निरखून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की पोरांनी मोकळ्या जागासुद्धा बरोबर पुढे आणल्या होत्या, एकही न विसरता. आधी मला राग आला, मग हसू आलं, आणि मग माझी जुनी खोड जागी झाली. एखादी गोष्ट अशी का, हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.

हा नियम कुणाचा, असं वर्गात विचारलं. सगळे छताकडे बघायला लागले. शेवटी मागच्या भिंतीजवळचा म्हणाला, गेलेल्याच्या जागेवर बसायचं नसतं. का नसतं? तर असंच असतंय. मुख्याध्यापकांना विचारलं. या शाळेत त्यांचे केस पिकले. ते म्हणाले, लेखी काही नाही, मी आलो तेव्हाही असंच होतं, तुम्ही कशाला नादी लागता. खिचडी शिजवणाऱ्या मावशी याच शाळेत शिकलेल्या. त्यांनी सांगितलं, की त्या लहानपणी तोडीला जायच्या तेव्हा त्यांचीही जागा दाराजवळ तशीच राहायची. मी विचारलं, पण कशासाठी? त्यांनी पळीवर खिचडी पुढे केली आणि मीठ बरोबर आहे का बघा म्हणाल्या.

मला काही तो नियम पटला नाही. एक तर मी भिंतींना शिकवत होते. मागे बसलेल्याला ऐकू जावं म्हणून ओरडायचं आणि पुढच्यांच्या कानठळ्या बसवायच्या. पण खरा राग वेगळाच होता. जागा राखायची म्हणजे जाणं मान्य करायचं. थंडी पडते तशी पोरं जातात, ऊन वाढलं की येतात, आपण फक्त त्यांची पट्टी झाडून ठेवायची. राखायचंच तर पोर राखा ना गावात, रिकाम्या फरशीला काय राखता, असं मी एकदा शिक्षकांच्या खोलीत बोलूनही दाखवलं. सगळ्यांनी आपापले डबे उघडले.

सगळ्यात जास्त डोळ्यात खुपायची ती खिडकीजवळची जागा. ती सातवीतल्या एका मुलीची. अख्ख्या वर्गात "पण का?" असं विचारणारी ती एकटीच. खर्ड्याचा किल्ला दाखवायला नेलं तेव्हा बाकीची पोरं बुरुजावर फोटो काढत होती आणि ही मला विचारत होती, की एवढ्या लोकांना पाणी कुठून आणायचे आणि ते आणायला कोण जायचं. मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितल्यावर ती खूश झाली, माझं अडणं तिला आवडलं असावं. दिवाळीआधी मी तिच्या घरी जाऊन खनपटीलाच बसले होते, हिला तेवढी ठेवून जा म्हणून. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मांडीवरच्या तान्ह्याकडे बोट दाखवलं. त्या स्वतः मोळ्या बांधायला गेल्या की उसाच्या फडावर याला कोण बघणार? मुलगी गेली. सातवीतली मुलगी फडावरून परत शाळेत येते की परस्पर सासरी जाते, हे इथे कुणी आधी सांगू शकत नाही.

मग एका सहावीतल्या मुलाला चष्मा लागला. फळ्यावर ऊन पडायचं, त्याला फक्त खिडकीजवळून नीट दिसायचं. मला आयतं कारण मिळालं. त्याला म्हटलं, तिथे बस. तो बसला, म्हणजे अर्धा पट्टीवर आणि अर्धा फरशीवर, विंचवाशेजारी बसल्यासारखा. शेजारची मुलगी, ती खिडकीवालीची मैत्रीण, उठून उभी राहिली आणि काही केल्या खाली बसेना. मी आवाज चढवला तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, ह्यो हितं बसला तर मी तिची खबर कशी ठिवू?"

मला काही कळेना. कसली खबर? मग हळूहळू सगळ्यांनी मिळून सांगितलं, आणि इतके दिवस हे मला का सांगितलं नाही तर शेजारच्यानं काय करायचं, हे मी विचारलंच नव्हतं. नियम नुसता जागा सोडण्याचा नव्हता. मोकळ्या जागेच्या शेजारी जो बसतो, त्यानं त्या गेलेल्याची खबर ठेवायची. पूर्वी गावी येणाऱ्याजाणाऱ्याकडून, आता मोबाईलवरून. जागा भरली की शेजार मोडतो, आणि मग खबर कुणाचीच जबाबदारी राहत नाही. गंमत अशी, की वेळ वाचवायला मी हजेरी घेताना गेलेल्यांची नावं गाळत होते. या वर्गात हजेरी हीच खबर सांगायची वेळ असते, हे मला कुठून कळणार!

दुसऱ्या दिवशी सगळी नावं घेतली. इतकी आनंदाची हजेरी मी आजवर घेतलेली नाही. एका नावाला दाराजवळून उत्तर आलं, बारामतीकडं हाय, ताप आलता, आता उतरलाय. दुसऱ्याला मागच्या भिंतीजवळून, त्याची टोळी नदीच्या पल्याड गेली. खिडकीजवळून उत्तर आलं, तिचा भाऊ बसाया लागलाय आणि ती त्याला पाढे म्हनून दावती. चष्मेवाल्याची रवानगी मी माझ्या टेबलाशेजारी केली आणि फळाच थोडा सरकवून घेतला. रोज सकाळी मीच त्या खबरींची वाट बघायला लागले. पटलेला मात्र नियम अजूनही नव्हता. पटणं वेगळं आणि गोडी लागणं वेगळं.

थंडी सरत आली आणि एका सकाळी तिचं नाव घेतल्यावर खिडकीजवळची मैत्रीण उठून उभी राहिली. खाली बघत ती म्हणाली, की फडावर तिला बघायला पाव्हणे आलते.

मी हजेरी तिथेच थांबवली. तिच्या वडलांचा फोन नंबर मैत्रिणीला तोंडपाठ होता. ऑफिसात जाऊन फोन लावला, मुख्याध्यापक शेजारी येऊन उभे राहिले. वडील, तिचे अण्णा, अदबीनं बोलले. पाव्हणे आले, चहा पिऊन गेले, अजून काही ठरलेलं नाही. मी वयाचं सांगितलं, कायद्याचं सांगितलं, तिच्या हुशारीचं सांगितलं. ते प्रत्येक वेळी व्हय म्हणत होते आणि शेवटी म्हणाले, बघू. या भागातलं 'बघू' मला एव्हाना कळायला लागलं होतं. मग फोन तिच्या हातात गेला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज आणि तान्ह्याचं रडणं. मी तिला धीर द्यायला पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती, पण आधी तिनंच विचारलं.

"मॅडम, माझ्या जागंवर कोन बसलंय का?"

"नाही गं. कुणी नाही."

"मग मी अन्नाला तसं सांगते."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. माझी वाक्यं माझ्याकडेच राहिली. पुढचे दिवस तिची खबर यायची, बरी हाय, एवढीच. त्यापलीकडे मैत्रिणीला कुणी सांगत नव्हतं, की तीच मला सांगत नव्हती, देव जाणे.

कारखान्यांचा पट्टा पडला, गाळपाचा हंगाम संपला, ट्रॅक्टर गावात परतायला लागले, वर्गातल्या जागा भरत चालल्या. खिडकीजवळची मोकळीच होती. एका सकाळी ती दारात उभी राहिली, उन्हानं रापलेली आणि बोटभर उंच झालेली. मागे वडील. ती सरळ जाऊन आपल्या जागेवर बसली. वडील चपला काढून उंबऱ्यात थांबले आणि वाकून खिडकीकडे बघत राहिले. मग माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "खरंच ठिवली व्हय."

आमची शाळा सातवीपर्यंतच. जूनमध्ये ती खर्ड्याच्या हायस्कुलात गेली आणि आठवड्याभरातच मला भेटायला आली. नवी शाळा मोठी आहे, प्रयोगशाळा आहे, सगळं सांगून झालं. मग दप्तराचा बंद पिळत म्हणाली, "मॅडम, तिथं बाकडी हायेत. जो आधी येतो तो बसतो. दिवाळीनंतर माझ्या जागंचं काय?"

यंदा तू जायचंच नाहीस, असं मला म्हणायचं होतं. पण तिचा भाऊ अजून तीन पावलं चालून पडतो, हे तिनंच मघाशी सांगितलं होतं.

तिच्या नव्या वर्गशिक्षिकेला मी जाऊन भेटले. माझ्याहून तरुण, टापटिपीची, बाकांच्या रांगा एका रेषेत. मला मी आठवले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, असा काही नियम आमच्याकडे नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही नाही, म्हणजे लिहिलेला नाही. तिनं विचारलं, तुम्हाला तो पटतो का. नाही म्हटलं.

"मग पण का?"

मी बाकावर सरकून बसले आणि तिला खिडकीजवळच्या जागेचं सांगायला लागले.