आमच्या बोअरचं हिरवं पाणी

पहिली चूक माझीच. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणं हे माझं काम. त्या दिवशी पाहुणे येणार होते, म्हणून नळ्या चकचकीत व्हाव्यात असं वाटलं आणि घरनं कपड्याची पावडर नेली. नसतं शहाणपण!

सरांनी एक रसायन तयार केलं होतं. पाण्यात शिसं असलं, की त्याच्या थेंबानं ते पाणी जांभळ्या दिव्याखाली हिरवं उजळतं. आधी शुद्ध पाणी दाखवायचं. ते काळंच राहायला हवं. ते निळंशार पेटलं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, तेही त्या दिव्याखाली चमकतं. मला काय ठाऊक? माझी बनियन तर त्या पावडरीनं कधी पांढरी झाली नाही.

सर पाहुण्यांकडं वळले. "ह्या लोकांचा हात लागला, की शुद्ध पाणीसुद्धा बाटतं."

सगळे हसले. मीही हसलो. पन्नाशीचा बाप्या, दात काढून. 'ह्या लोकांचा' म्हणजे कुणाचा, हे पक्कं कळलं होतं. तरी हसलो.

मुरगूडजवळ आमची बौद्ध वस्ती. वस्तीला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायची शेड, आणि शेडला लागूनच आमची बोअर. पुतण्याची पोरं सारखी पोट धरून बसायची. पुढच्या सोमवारी बोअरचं पाणी बाटलीत भरून नेलं. सरांच्या हातापाया पडून थेंब टाकायला लावला.

हिरवं. लख्ख हिरवं.

"पुन्हा तुझी पावडर," सर म्हणाले. "ओत ते. नोंद करायची नाही."

"पावडर निळी पेटती, सर. हे हिरवं हाय."

"आता तू मला शिकवणार?"

मी धुतलेलीच दुसरी नळी उचलली. टेबलावर सरांची प्यायच्या पाण्याची बाटली होती, तिच्यातलं पाणी ओतलं. थेंब मीच टाकला. दिव्याखाली धरली. काळंच.

"धुणारा हात त्योच हाय, सर. पाणी तेवढं येगळं. आन् ते बाटवणारा मी न्हवं."

नोंदीची वही मी सरांपुढं सरकवली.

"वहीत लिवा. नमुना कुणी आणला, तिथं माझं नाव घाला. त्याबिगर आजपासनं एक नळी धुणार न्हाय."

सरांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं, जरा छाती फुगवूनच. तिनं ऐकता ऐकता भरलेला हंडा मोरीत उपडा केला.

"सरांची जिरवलीसा, ब्येस झालं. पर शेड चालूच हाय की! उद्या रजा टाका. त्या पानाची झेरॉक्स घ्या, आमी बायका रिकाम्या घागरी घेतो. शेडला कुलूप पडंस्तवर दारातनं उठायचं न्हाय."