फिटरने घातलेली मागणी

आमच्या कारखान्यात एकशेवीस माग एकदम चालतात. कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही कुणी आवाजाच्या भानगडीतच पडत नाही. आपण नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. मी तर तीन रांगांपलीकडची भांडणं वाचते, आणि तेही माझा माग न थांबवता.

माझी नणंद सतरा नंबरच्या मागावर आहे. तो माग सारखा बिघडायचा, निदान फिटरचं तरी तसं म्हणणं होतं. हा फिटर भलता बोलका. पाना फिरवता फिरवता असं काही बोलायचा, की हिला हसू आवरायचं नाही. पण सुट्टीचा भोंगा झाला, माग थांबले, की गडी डोळा चुकवून पसार. ही एका फाटकाशी थांबली, की हा दुसऱ्या फाटकाने जायचा.

"वहिनी, आत एवढं बोलतो आणि बाहेर ओळखही दाखवत नाही. लाज वाटते का त्याला माझी?" एकदा ती रडलीच. मलाही वाटायचं, त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याने बहिणीसाठी दुसरं स्थळ आणलं. माझा नवरा बस चालवतो, त्यामुळे घरातही वेळापत्रक. नणंदेने फिटरचं नाव काढलं, तसं त्याने तिला बजावलं, "रविवारी तुझ्या त्या फिटरने इथे येऊन स्वतःच्या तोंडाने मला सांगावं. नाहीतर सोमवारी मी तिकडे होकार कळवतो."

रविवारी सकाळी फिटर आला. शर्टाला कडक इस्त्री, नखांत तेल मात्र तसंच.

"बोला," नवरा म्हणाला.

"म... म... म..."

मान लाल झाली, कपाळावर घाम आला, पण पुढचं अक्षर निघेना. आधी मला वाटलं, घाबरून बोबडी वळली. मग डोक्यात प्रकाश पडला. तो जन्माचा तोतरा होता. मागांच्या गोंगाटात आवाज काढावाच लागत नव्हता, म्हणून तिथे तो घडाघडा बोलत होता. माझी मलाच लाज वाटली.

"जमत नसेल तर राहू द्या." नवरा उठू लागला.

"थांब, दादा." नणंद फिटरसमोर जाऊन बसली. "मागावर बोलतोस तसं बोल."

त्याचे ओठ हलू लागले आणि ती मोठ्याने सांगू लागली. "मी तोतरा आहे. ही हसेल म्हणून बाहेर पळत होतो. चुकलं माझं. सतरा नंबरचा माग दोन वर्षांत एकदाही बिघडलेला नाही." इथे ती लाजली, पण थांबली नाही. "मला हिच्याशी लग्न करायचंय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "ही मनचं तर सांगत नाही ना?"

"शब्दन् शब्द त्याचा आहे."

फिटर आणखी काही बोलला. ते मात्र तिने सांगितलं नाही. तिनेही नुसते ओठ हलवले, आणि तिचे डोळे भरून आले.

"आता काय म्हणाला?"

"म्हणतोय, बाहेर मी असाच बोलणार, चालेल का तुला?"

"आणि ही?"

"ही म्हणते, सावकाश बोल, मला कुठे जायचंय?"

नवरा परत खाली बसला. फिटरने एक मोठा श्वास घेतला.

"म... म... मला..."

आम्ही तिघं थांबलो. वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला, आणि ते आम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलं.